खडीच्या पोवाड्याचं शेवटचं कडवं

"आक्का, आधी हे ऐक. मग काय बोलायचं ते बोल," असं म्हणत जालिंदर थेट गिरणीत घुसला आणि त्याने मोबाइल माझ्या कानाला लावला.

पट्टा चालू होता. वरून कुणाची तरी ज्वारी पडत होती, खाली डब्यात पीठ, आणि त्या घरघरीत मला माझंच बोलणं ऐकू येत नाही तिथे मोबाइलचं काय येणार? "दम धर की जरा!" मी ओरडले. लग्न झाल्यापासून गिरणी चालवते आहे, त्यामुळे मी साधं बोलले तरी लोकांना भांडल्यासारखं वाटतं. बऱ्याचदा मी भांडतही असते, ती गोष्ट वेगळी.

ज्वारी संपली. बटण पाडलं, पदराने कान पुसले आणि म्हटलं, "हां, लाव आता."

आधी बासरी, मग गिटार, मग ढोल. मग एक तरुण आवाज. गळा चांगला होता, खोटं कशाला बोलू? पोरगा खडीचा पोवाडा गात होता. आमच्या आप्पांचा पोवाडा.

आप्पा म्हणजे शाहीर केरबा कणसे. वाळवा तालुक्यातच नाही, पार कऱ्हाड-विट्यापर्यंत एकही यात्रा अशी नव्हती जिथे त्यांचा डफ वाजला नाही. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता पुण्याच्या एका कंपनीने त्यांची गाणी आजच्या नव्या गायकांकडून गाऊन घेऊन सीडी काढायची ठरवलं होतं. 'मानवंदना' असं नाव. परवानगी अर्थात जालिंदरने दिली होती. आमचा हा धाकटा भाऊ म्हणजे शाहीर केरबा कणसे प्रतिष्ठानचा अध्यक्ष. प्रतिष्ठानला दुसरं कुणी सभासद होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

मी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे मला वाटलं शेवट यायचा आहे. चौथं कडवं झालं, ढोल तडतडला, बासरी लांबली, आणि संपलं.

"शेवटचं कडवं कुठाय?"

"अगं, गाणं केवढं लांबतंय त्यानं. आजकाल एवढा वेळ कोण ऐकत बसतंय?"

"जालिंदर, शेवटचं कडवं कुठाय?"

"त्येच सांगतोय की. त्या लोकांनी काढलं. मला इचारलं, मी म्हणलं काढा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्हाला पोवाडा किती माहीत आहे ठाऊक नाही, म्हणून सांगते. पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात नाव येतं. कवन कुणाचं, ते तिथे कळतं. ते नाव पडेपर्यंत शाहीर हातातला डफ खाली ठेवत नाही, मग हात भरून येवोत नाहीतर पाऊस येवो. एकदा बोरगावच्या यात्रेत मांडव पेटला होता, लोक पळत सुटले होते, आणि आप्पांनी उभ्याउभ्या नाव घेऊन मगच उडी मारली होती. ही त्यांची रीत.

आणि खडीच्या पोवाड्यात शेवटी नाव येत होतं ते आमच्या आईचं.

बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडेला ओळीने बाया बसलेल्या, मांडीजवळ दगडाचा ढीग, हातात हातोडी. मी तिच्या शेजारी गोणपाटावर. आई हातोडीच्या ठोक्यावर ओळी जुळवायची आणि बाया मागून म्हणायच्या. मुकादमावर, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीत निघालेल्या किड्यांवर, घरी निजून राहिलेल्या नवऱ्यांवरसुद्धा. लिहायला-वाचायला येत नव्हतं तिला. चार कडवी अशी रस्त्यावर तयार झाली. आप्पांनी ती ऐकली, चाल बांधली, पाचवं कडवं स्वतःच्या नावाचं जोडलं आणि यात्रेला निघाले.

निघाले खरे, पण गेले नाहीत. कारण आई त्यांचा डफ मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. बाहेर बैलगाडी जुंपलेली, आप्पांचे साथीदार शिदूतात्या तुणतुणं घेऊन आत बसलेले, आणि ही डफ देईना. आप्पा आधी हसले, मग रागावले, मग गयावया करायला लागले. आई एवढंच म्हणाली, "ज्येनं जुळिवलं त्येचं नाव पडू द्या. मग न्या." शेवटी पाचवं कडवं तिनंच तिथे उंबऱ्यात बसून नव्याने जुळवलं; नवऱ्याचं नाव यायचं तिथे नुसतं त्यांच्याकडे बोट केलं. आप्पांनी डफावर हात ठेवून शब्द दिला, आणि जन्मभर पाळला. आप्पांच्या अंगात बाकी शंभर खोडी होत्या, पण ते कडवं त्यांनी कधी गाळलं नाही.

ही गोष्ट आमच्या घरात आम्ही दोघांनी किती वेळा ऐकली असेल! जालिंदरने तर शाळेच्या गॅदरिंगला हाच पोवाडा म्हणून बक्षीस आणलं होतं. पाचही कडवी, एका दमात.

"आक्का, तू डोकं शांत ठेव," जालिंदर पोत्यावर टेकत म्हणाला. "सांस्कृतिक भवनाला आप्पांचं नाव द्यायचं चाललंय. ठराव व्हायच्या बेतात हाय. उद्या कुणीतरी उठून म्हणंल, शाहिराचं सगळ्यात गाजलेलं कवन त्येच्या बायकोनं रचलंय. मग ह्यो शाहीर कसला?"

"गाणारा शाहीर! गळा त्यांचा, डफ त्यांचा, शब्द तिचे. ह्यात कुणाचं काय खाली पडलं?"

"तुझ्यासारखं सोपं नसतंय सगळं."

"सीडीवर कवन कुणाचं म्हणून छापलंय?"

त्याने मोबाइल खिशात घातला.

"म्हणून दाखव ते कडवं," मी म्हटलं. "आत्ता. माझ्यासमोर म्हण, मग काढायचं असलं तर काढ."

"पीठ लागलं सगळ्या पँटीला," असं म्हणून तो उठला आणि झटकत झटकत निघून गेला.

मी गिरणीला कुलूप घातलं. दळणं घेऊन आलेल्या बायका बघत राहिल्या. तडक आईकडे गेले. ती पडवीत गवार मोडत बसली होती. मी सगळं सांगितलं, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती गवारीचं एकेक टोक मोडत ऐकत होती.

"असू दे," ती म्हणाली.

"असू दे? आई, डफ घेऊन उंबऱ्यात बसली होतीस तू!"

"तवा त्यो डफ माझ्या मांडीवर मावत हुता. आता पोरं मोठी झाली."

"मी पुण्याला फोन करते. त्या कंपनीवाल्याला अशी धुते..."

"कुणाला फोन करू नगंस." तिनं गवारीची परात बाजूला सारली. "कार्यक्रमाला बोलवलंय न्हवं मला? जाऊ की. शिदूलाबी गाडीत घ्या. एकटं पडलंय त्ये, तेवढंच पुणं बघंल."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! जालिंदरचा आला नसेल इतका. म्हटलं, ही म्हातारी झाली. लेकाच्या जिवावर जेवायचं म्हणून मूग गिळून बसली. तणतणत घरी आले आणि दोन दिवस नवऱ्याशीसुद्धा धड बोलले नाही. त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? पण समोर तोच होता.

कार्यक्रम रविवारी सकाळी, पुण्यातल्या एका मोठ्या सभागृहात. जालिंदरची गाडी. आई पुढे त्याच्या शेजारी, मी आणि शिदूतात्या मागे. शिदूतात्या म्हणजे आप्पांचे झीलकरी. शाहिराच्या मागे उभं राहून 'जी जी रं जी' अशी झील ओढायची, तुणतुणं वाजवायचं. उभा जन्म त्यांनी आप्पांच्या पाठीकडे बघत काढला. दात गेले होते, पण तुणतुणं धोतराच्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतलं होतं. जालिंदरने वाटेत सीडी लावली. खडीचा पोवाडा चौथ्या कडव्याला थांबला तेव्हा तात्यांनी झील धरायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

सभागृहाच्या दारात आप्पांचा एवढा मोठा फोटो. आत रंगमंचावर मधोमध एक स्टँड, आणि त्यावर झेंडूची माळ घालून ठेवलेला आप्पांचा डफ. कंपनीने शोभेला मागितला होता, जालिंदरने आधीच नेऊन दिला होता. मी तिथेच अर्धी पेटले. उरलेली अर्धी पेटवायला अद्वैत आला. सीडी त्यानेच केली होती. चांगला शिकलेला, विनयशील मुलगा, खांद्यावर खादीचं उपरणं. आईच्या पाया पडला.

"कडवं का काढलंत?" मी विचारलं.

"ताई, आम्हाला शाहिरांविषयी प्रचंड आदर आहे."

"आदर राहू द्या. कडवं का काढलंत ते सांगा."

"कसं आहे, ते कडवं जरा... खाजगी वाटतं. बाकीचं गाणं कसं सगळ्यांचं आहे. नाव आलं की आजचा श्रोता तुटतो."

"आणि सीडीवर आप्पांचं नाव छापलंत ते? तिथं न्हाई तुटत?"

तो हसला. खरंच सांगते, हसला. रागाने नाही, समजूतदारपणे, लहान मुलीकडे बघून हसावं तसा. मी आणखी काही बोलणार तेवढ्यात जालिंदरने माझा दंड धरला, "आक्का, पाया पडतो, इथं नको." त्याच्या खांद्यावर नवी शाल होती, आणि तो खरोखरच घाबरलेला दिसत होता. आईने माझ्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवली. मी जाऊन पहिल्या रांगेत बसले. खुर्चीचा हात असा दाबून धरला होता की शेजारच्या बाईने आपला हात काढून घेतला.

भाषणं झाली. शाहीर असे, शाहीर तसे, मातीतला माणूस. सीडीचं वेष्टन सोडलं, फोटो निघाले. मग त्या तरुण गायकाने खडीचा पोवाडा म्हटला, चार कडवी. टाळ्यांचा नुसता पाऊस. आणि मग निवेदिकेने आईचं नाव पुकारलं. नाव कसलं, "शाहिरांच्या सहधर्मचारिणी" म्हणाली. अनसाबाई हे तिचं नाव त्या सबंध सकाळी त्या सभागृहात कुणी उच्चारलं नव्हतं.

शिदूतात्यांच्या हाताला धरून आई वर गेली. शाल झाली, नारळ झाला. आई खाली यायला वळली तशी निवेदिका माइक घेऊन आडवी आली. हिरवीगार पैठणी, चेहऱ्यावर लग्नघरातला उत्साह.

"आजी, अशा कशा जाल? एवढा संसार केलात शाहिरांबरोबर! आज त्यांच्यासाठी एक छानसा उखाणा झालाच पाहिजे. काय मंडळी? घ्या आजी, नाव घ्या!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कपाळावर कुंकू नसलेल्या म्हाताऱ्या बाईला भर सभेत उखाणा घ्यायला लावतात, आणि मंडळी टाळ्या वाजवतात! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी अर्धी उठले. आईने आप्पांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती मला कोपराने ढोसायची आणि मी म्हणायची, केरबा बाळू कणसे. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा ती म्हणे खाली बघून गप्प राहिली होती.

आई निवेदिकेकडे बघत होती.

"नाव घिऊ?" तिनं विचारलं.

"घ्या ना, घ्या!"

"मग त्यो डफ द्या हिकडं."

निवेदिकेला वाटलं, आजी गंमत करताहेत. तिनं अद्वैतकडे पाहिलं. पण शिदूतात्यांनी कुणाची वाट बघितली नाही. ते स्टँडकडे गेले, झेंडूची माळ काढून खाली टाकली आणि डफ आईच्या हातात दिला. आईने बोटाने टिचकी मारली. आवाज बद्द. न वाजवता ठेवून ठेवून कातडं ढिलं पडलं होतं. ती रंगमंचाच्या कडेला असलेल्या मोठ्या दिव्यापाशी गेली आणि डफ त्याच्या झोतासमोर धरून उभी राहिली. आप्पा यात्रेत शेकोटीवर धरायचे, तसा. लोक हसले. ती तशीच उभी राहिली. हळूहळू लोक हसायचे थांबले.

मग तिनं पुन्हा टिचकी मारली. डफ बोलला. शिदूतात्यांनी फडकं सोडलं, तुणतुणं छातीशी धरलं आणि तिच्या मागे जाऊन उभे राहिले, आप्पांच्या मागे उभे राहायचे तिथेच.

आईचा आवाज गोड वगैरे नव्हता. दगडावर बसून गाणाऱ्या बाईचा आवाज तो. माइकपासून लांब होती तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"खडी फोडता हात फुटलं, सरला न्हाई जोर,
पदर बांधला पोटाला पर हसतं ठिवलं पोर..."

ते पोर म्हणजे मी. मला ठाऊक होतं, नेहमीच ठाऊक होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला गोणपाट टोचल्यासारखं झालं, आणि मी रडायला लागले. रागात मला नेहमी रडू येतं, पण हे तसलं नव्हतं.

"पुसंल कुणी कवन कुणाचं, कुणी ह्ये गाइलं,
केरबा गातो डफावरती, अनसानं जुळिवलं!"

"जी जी रं जी," शिदूतात्यांनी झील ओढली. दात नसलेल्या तोंडातून, पण ओढली अशी की माझ्या मागच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला.

केरबा. आईच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होते. लाजून घेतलेलं नव्हतं, उखाण्याच्या यमकात लपवलेलं नव्हतं. रचणाऱ्याने गाणाऱ्याचं नाव सांगावं तसं सरळ, एकेरी. आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःचं, तेवढ्याच मोठ्याने. मग तिनं वाकून डफ जमिनीवर ठेवला. नाव पडलं होतं, आता ठेवायला हरकत नव्हती.

आणि मग त्या निवेदिकेने काय म्हणावं?

"वा! किती गोड उखाणा घेतला आजींनी!"

"उखाणा न्हवता त्यो!" मी पहिल्या रांगेतून उठून ओरडले. गिरणीचा आवाज माझा, मला माइक लागत नाही. "कवन हाय त्ये! आणि ते तिचं हाय! अनसाबाई कणसे, लिहून घ्या, आणि छापा!"

मग टाळ्या वाजल्या. आधी मागून, नंतर सगळीकडून. जालिंदर मात्र मांडीवरच्या शालीची घडी घालत बसला होता. घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा.

अद्वैत आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. "पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ, ताई," म्हणाला. पुढची आवृत्ती निघाली. मी मुद्दाम विकत घेतली. चार कडवी. कवन, शाहीर केरबा कणसे. सांस्कृतिक भवनालाही आप्पांचं नाव लागलं. आई गेली, शिदूतात्या गेले, आणि ती सीडी कुठे लागली की मी आजही जाऊन बंद करते. एकदा एका लग्नात केली, तर नवऱ्या मुलाचा बाप भांडायला आला. आला तसा गेला.

पण मला आठवतं ते परतीच्या वाटेवरचं. खंबाटकी घाट मागे पडला होता. सीडी कुणी लावली नव्हती. आई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर डफ. तो काही तिनं परत स्टँडवर ठेवू दिला नव्हता. जालिंदरने एक ट्रक मागे टाकला. मग म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच दुखावलेला होता,

"आई, तुला एवढं वाटत हुतं तर मला सांगायचं हुतंस. मी काय न्हाई म्हणलो असतो?"

आईने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तुला काय सांगायचं, जालिंदर?" ती म्हणाली. "तुला तर पाठ हाय त्ये."